अंगठ्याची बाजू

गिटार मला इस्त्रीच्या टेबलाबरोबर मिळाली. ऑफिसातला एक सहकारी कुवेत कायमचं सोडून निघाला होता आणि त्याच्या घरातलं सामान ओळखीचे लोक उचलून नेत होते. मी इस्त्रीचं टेबल सांगून ठेवलं होतं. ते घ्यायला गेलो, तर त्याची बायको म्हणाली, "भाईसाब, ये भी ले जाइए, नहीं तो कचरे में जाएगा," आणि काळ्या कापडी पिशवीतली गिटार तिनं माझ्या खांद्याला अडकवून टाकली. सत्तेचाळीस वर्षांत मी एकही वाद्य हातात धरलेलं नव्हतं. नाशिकला आई भजनी मंडळात पेटी वाजवायची. त्या पेटीवरची धूळसुद्धा मी कधी पुसली नव्हती.

मंगफच्या फ्लॅटमध्ये मला एकट्याला राहायला लागून तेव्हा तीन महिने झाले होते. मुलगी दहावी होऊन पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली होती. तिच्याबरोबर बायकोही गेली. ठरवून, विचार करून, कुणाचंही भांडण न होता गेली. पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी यंत्रं बरोबर मोजताहेत की नाही, ते मी बघतो. दिवसभर माणसं असतात, रेडिओवर आवाज असतो, सेफ्टीच्या मीटिंगा असतात. पण इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची. गुरुवारी संध्याकाळी घरी आलो की रविवारी सकाळपर्यंत काही नाही. त्या दोन दिवसांत माझं बोलणं म्हणजे खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दूध घेताना म्हटलेलं 'शुक्रन', आणि पुण्याचा एक फोन.

"जेवलास का?" बायको विचारायची.

"हो. खिचडी."

"परत खिचडी?"

मग मुलगी पडद्यावर यायची, "हाय बाबा, टेस्ट आहे, बाय," म्हणून जायची. बाकी सगळं ती इंग्रजीत बोलते. मुलीच्या खोलीचं दार मी बंदच ठेवायचो. एसी वाया जातो, असं कारण मी स्वतःला सांगितलं होतं.

इस्त्रीचं टेबल काखेत आणि गिटार पाठीवर घेऊन मी लिफ्टशी आलो, तेव्हा सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं माझ्यासाठी दार धरून ठेवलं. तीन वर्षं आम्ही एकमेकांना मान हलवत होतो, त्यापलीकडे ओळख नव्हती. उंच, खांद्यात वाकलेला, काळा अमेरिकन माणूस. साठीच्या पुढचा. निळा वर्कशॉपचा शर्ट, आणि हाताच्या रेषांमध्ये कितीही धुतलं तरी न निघणारं ग्रीस. ते पिशवीकडे बघत होते.

"वाजवतोस?"

"नाही."

"शिकायचंय?"

मी हो म्हणालो. गिटार शिकायची होती म्हणून नाही. त्या आठवड्यात कामाबाहेरच्या कुणी मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं, म्हणून.

"शुक्रवारी चार वाजता वर ये," ते म्हणाले. "इस्त्रीचं टेबल आणू नकोस."

त्यांचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. एक खाट, एक लाकडी खुर्ची आणि इमारतीच्या हारिसकडून, म्हणजे आमच्या वॉचमनकडून, माझ्यासाठी मागून आणलेली प्लास्टिकची खुर्ची. भिंतीला टेकवलेली त्यांची गिटार इतकी जुनी होती, की हात लागून लागून तिच्यावरचं पॉलिश उडालं होतं आणि आतलं लाकूड दिसत होतं. अम्गरामध्ये जनरेटर दुरुस्तीचं एक वर्कशॉप आहे, तिथं ते फोरमन होते. मूळचे मिसिसिपीचे. अमेरिकन फौजेच्या छावणीतले जनरेटर सांभाळायला म्हणून आले आणि ते काम संपल्यावरही इथंच राहिले. हे सगळं मला हळूहळू, पुढच्या काही शुक्रवारांत कळलं. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "गाणं शिकायला आलास का?"

"म्हणजे... हो, सर."

"सर मला वर्कशॉपमध्ये म्हणतात."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. खोलीत दोघंच आहोत आपण." त्यांनी माझी गिटार घेतली आणि खुंट्या पिळून तारा सैल करत गेले. एक तार, दुसरी तार, मग थांबून कान लावायचे. शेवटी त्यांनी सहाही तारांवरून बोट फिरवलं. डाव्या हातानं काहीही न दाबता एक भरलेला, गोड आवाज आला. "आमच्याकडे अशी लावतात. गाणं वगैरे नंतर. आधी अंगठा."

मग पुढचे चार महिने अंगठाच.

उजव्या हाताचा अंगठा सगळ्यात जाड तारेवर पडायचा. एक, दोन, तीन, चार. नुसता पडून भागत नव्हतं. तळहाताची मनगटाजवळची गादी तारांवर, पुलाच्या, म्हणजे तारा जिथं अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या, अगदी कडेला, हलकीशी टेकवून ठेवायची. म्हणजे आवाज घुमत राहत नाही, बंद दारावर मूठ मारल्यासारखा येतो. फार दाबलं तर आवाज मरतो. उचललं तर पसरतो. मधली जागा तांदळाच्या दाण्याएवढी. ती मला सापडायला तीन आठवडे लागले, आणि सापडली की हरवायची.

"माणूस चालताना पायाचा विचार करतो का?" ते म्हणायचे.

"नाही."

"मग तू अंगठ्याचा का करतोस? तुझा चेहरा बघ. हिशेब करणाऱ्या माणसासारखा झालाय."

ते समोर बसून डाव्या हातानं मांडीवर थाप द्यायचे आणि मी त्या थापेवर वाजवायचो. चुकलो की थाप थांबायची. अंगठा कसा पडला पाहिजे हे त्यांनी मला स्वतः वाजवून कधीच दाखवलं नाही. तोंडानं सांगायचे, माझं मनगट धरून वळवायचे. ही त्यांची शिकवण्याची पद्धत असेल, असं मी धरून चाललो होतो.

कधी कधी, माझा ठेका पाचदहा मिनिटं न मोडता चालला, की ते आपली गिटार मांडीवर घ्यायचे. डाव्या हाताच्या करंगळीत एक सॉकेट घालायचे. पान्याच्या सेटमधलं असतं ना, नट सोडवायचं लोखंडी नळकांडं, तेच. ते तारेवर नुसतं टेकवायचे, दाबायचे नाहीत, आणि घसरवत न्यायचे. उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं तार छेडायचे. तो आवाज ऐकून पहिल्यांदा माझा ठेका थांबलाच. मींड म्हणतो आपण, तसं काहीतरी, पण लोखंडाची. एक स्वर ते असा लावायचे की तो कोमल गंधार नव्हता आणि शुद्धही नव्हता. दोघांच्या मधे कुठेतरी, आणि तिथंही स्थिर नाही, थरथरणारा. आईच्या पेटीत तो स्वर नव्हता. असणं शक्यच नव्हतं, पेटीला मधे पट्टीच नसते. मी त्यांना ते सांगितलं.

"बरोबर," ते म्हणाले. "आमच्या चर्चमधल्या पियानोतही नव्हता. थांबलास का? चालू ठेव."

घरी मी रोज तास तास वाजवायचो. खालच्या तारेवर धप, धप, धप, धप. अंगठ्याला फोड आला, फुटला, तिथं घट्टा पडला. प्लँटवर कंट्रोल रूममध्ये उभा असताना माझा अंगठा पँटच्या शिवणीवर चालू असायचा. केरळचा एक ऑपरेटर म्हणाला, "सर, आप को कुछ टेन्शन है क्या?" मी हसलो. टेन्शन नव्हतं. खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मी शुक्रवारची वाट बघत होतो. गुरुवारी संध्याकाळी आंघोळ करून, दुसऱ्या दिवशी घालायचा शर्ट इस्त्री करून ठेवायचो.

बायकोला मी सांगितलं, मी गिटार शिकतोय. ती म्हणाली, "चांगलं आहे की. वेळ जातो." मुलगी म्हणाली, "विच साँग?"

कुठलंच येत नव्हतं. तो प्रश्न मात्र मला लागला. चार महिने झाले होते. युट्यूबवर पोरं चार आठवड्यांत गाणी वाजवतात. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी मी वर गेलो आणि पिशवी उघडायच्या आधीच म्हणालो, "आज मला वरचं शिकवा."

"वरचं म्हणजे?"

"तुम्ही वाजवता ते. सॉकेटचं. खालचं येतं आता मला."

"नाही येत."

"चार महिने झाले. मला एक गाणं येत नाही. एक सूर येत नाही. लोक विचारतात तर काय सांगू, धप धप येतं?"

 मग त्यांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला आणि अंगठा वाकवायचा प्रयत्न केला. तो वाकला नाही. मधल्या सांध्यापासून सरळ काठीसारखा होता, आणि मुळाशी एक जुना, पांढरट व्रण. इतके महिने मी तो हात बघत होतो.

"जनरेटरच्या पट्ट्यात गेला," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. अम्गरालाच."

मग त्यांनी फोनवर एक व्हिडिओ लावून माझ्या हातात दिला. अर्ध्या मिनिटाचा. पलंग, पांढरी चादर आणि चादरीवर एका म्हाताऱ्या काळ्या माणसाचा उजवा हात. हात निपचित पडला होता, फक्त अंगठा हलत होता. खाली, खाली, खाली, खाली. मी तो लगेच ओळखला. तीच गती, बोटं तशीच सैल, आणि तळहाताची कड चादरीवर हलकी टेकलेली.

"माझा भाऊ," ते म्हणाले. "दोन वर्षांनी मोठा."

दोघं भाऊ लहानपणापासून एकत्र वाजवायचे. थोरला अंगठ्याची बाजू, म्हणजे खर्ज आणि ठेका. धाकटा, म्हणजे हे, वरची. लग्नांत, लोकांच्या ओसरीवर, शनिवारी रात्री गुत्त्यांत. वीस वर्षं. मग थोरल्याला देव सापडला. चर्चमध्ये मोठं पद मिळालं आणि त्यानं गिटार खाली ठेवली. हे सैतानाचं संगीत आहे, माझ्या घरात नको, म्हणाला. भांडण झालं नाही. नाताळला फोन व्हायचा, हवापाण्याचं बोलणं व्हायचं, गिटारचा विषय दोघंही काढत नसत. धाकटा एकट्याच्या हातावर दोन्ही बाजू वाजवायला शिकला. पुढे अंगठा गेला आणि तेही संपलं.

"मी तुला लिफ्टमध्ये भेटलो त्याच्या आधीच्या महिन्यात त्याला अर्धांगाचा झटका आला," ते म्हणाले. "तोंडातून शब्द नाही. त्याच्या मुलीनं हा व्हिडिओ पाठवला. विचारत होती, काका, डॉक्टर म्हणतात स्नायू आपोआप उडतायत, बाबांना लहानपणी असं व्हायचं का? मी चाळीस वर्षं त्या अंगठ्याशेजारी बसलेला माणूस. मला विचारते."

"वीस," मी म्हणालो. "तुम्ही मघाशी वीस म्हणालात."

"वीस वर्षं वाजवलं. पुढची वीस त्याची वाट बघितली."

आता मला कळलं. "म्हणजे तुम्ही मला गिटार शिकवत नव्हता. तुम्हाला भावाच्या जागी माणूस हवा होता."

"हो."

"आधी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मी गिटार शिकायला आलोय, कुणाचा भाऊ व्हायला नाही."

मी उठलो, पिशवी खांद्याला अडकवली आणि खाली आलो.

दोन शुक्रवार वर गेलो नाही. पहिल्या शुक्रवारी गाडी काढून शर्कच्या मासळी बाजारात गेलो. एकट्याला मासे कशाला, म्हणून काही न घेता परत आलो. दुसऱ्या शुक्रवारी समुद्राच्या कडेनं चालत राहिलो. वाळूवर चटया टाकून कुटुंबं बसली होती, कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या, कुणाचं तरी पोर माझ्या पायात आलं आणि त्याच्या आईनं "सॉरी, अंकल" म्हणून त्याला उचललं. आपला वापर झाला याचा मला राग होता. चालता चालता मी त्या रागाशी प्रामाणिकपणे वाद घालत होतो. प्लँट माझा वापर करतो. घर माझ्या पाठवलेल्या पैशावर चालतं, त्यालाही कुणी वापर म्हणेल, मी म्हणत नाही. आणि या माणसानं मला कशासाठी निवडलं? माझ्या पाठीवर पिशवी होती म्हणून. पण चार महिने दर शुक्रवारी चार ते सहा तो माझी वाट बघत बसला होता, आणि दुसरं कुणीही कुठेही माझी वाट बघत नव्हतं.

घरी येऊन मी गिटार घेतली आणि ठेका धरला. नुसता ठेका. दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी मधे मधे आवाज कमी करतोय, कुणासाठी तरी जागा सोडतोय. मग गिटार तशीच उघडी हातात घेऊन लिफ्टनं सातव्या मजल्यावर गेलो.

त्यांनी दार उघडलं. प्लास्टिकची खुर्ची होती तिथंच होती.

"भावाला ऐकवायला फोन कधी लावायचाय?" मी विचारलं.

पुतणी आधी घाबरली होती. बाबा शुद्धीवर असते तर हे त्यांनी चालवून घेतलं नसतं, म्हणत होती. काकांनी तिला सांगितलं, "तुझे बाबा शुद्धीवरच आहेत. अंगठा बघ." शेवटी ती तयार झाली. शुक्रवारी आमचे पाच वाजले की तिकडे सकाळचे आठ. नर्सनं न्याहारी भरवून झालेली असायची.

पहिल्या दिवशी फोन खुर्चीला टेकवून आम्ही सुरुवात केली आणि पंधरा सेकंदांत पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही दोघं नुसते हलताय. आवाज येतच नाही." पुन्हा लावला. बोललेलं स्पष्ट जात होतं, गिटार लावली की शांतता. म्हातारा हताश होऊन सॉकेट करंगळीतून काढायला लागला. पण हे मला माहीत होतं. हे माझंच काम आहे. फोन माणसाचा आवाज राखतो आणि मागचा गोंगाट कापून टाकतो. त्या फोनला आमची गिटार एसीच्या घरघरीसारखी वाटत होती. पुढच्या शुक्रवारी मी ऑफिसचा लॅपटॉप वर नेला, मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये गोंगाट कापायची सोय बंद केली, आणि लॅपटॉप ओट्यावर, गिटारपासून हातभर अंतरावर ठेवला.

पडद्यावर उशी दिसत होती आणि थोरल्या भावाचा अर्धा चेहरा. एक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा उघडा. पुतणीनं टॅब्लेट खाली केला, तेव्हा हात दिसला.

"चल," म्हातारा मला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

मी सुरू केलं. चार ठेके एकट्यानं, मग सॉकेट तारेवर आलं. माझी छाती इतकी धडधडत होती की अंगठा तिच्यामागे पळतोय हे मला कळत होतं, पण आवरत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, ते पडद्याकडे बघत होते. आम्ही पाच मिनिटं वाजवलं असेल. शेवटचा स्वर त्यांनी घसरवत खाली आणला आणि थांबले. मीही थांबलो.

चादरीवरचा अंगठा थांबला नाही. तो चालूच होता. आमच्यापेक्षा हळू, फारच हळू, एकसारखा.

मग घशातून घरघरल्यासारखा आवाज आला. पुतणी वाकली. "काय, बाबा? काय?" बराच वेळ ती त्याच्या तोंडाशी कान लावून होती. मग तिचा चेहरा पडद्यावर आला. ती रडत होती आणि गोंधळलेलीही होती.

"बाबा म्हणतायत, पळतोय."

"कोण पळतोय?" काकांनी विचारलं.

"अंगठा. अंगठा पळतोय, म्हणाले."

म्हातारा हसायला लागला. आधी नुसते खांदे हलत होते, मग त्यानं गिटार बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सहा महिन्यांत भावाच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि ते माझ्याबद्दल तक्रारीचं होतं. मी मान खाली घालून माझ्या अंगठ्याकडे बघत राहिलो. इतकी लाज आणि इतका आनंद मला एकाच वेळी कधी झाला नव्हता.

असे सहा शुक्रवार आम्ही वाजवलं. थोरल्याचं बोलणं फार सुधारलं नाही. दोनतीन शब्द यायचे, आणि ते बहुतेक मला दटावणारे असायचे. सहाव्या शुक्रवारनंतर म्हाताऱ्यानं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "मी जातो तिकडे."

"किती दिवस?"

"तू इंजिनिअर आहेस. विचार कर की."

वर्कशॉपचा राजीनामा, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द करणं, सामानाची आवराआवर, याला दीड महिना गेला. सामान तरी काय होतं! मार्चमधल्या एका दुपारी मी त्यांना एअरपोर्टला सोडलं. उतरताना त्यांनी सॉकेट खिशातून काढलं. मला वाटलं, ते मला देतील. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं आणि सामान तपासताना अडवतील म्हणून चेक-इनच्या बॅगेत सरकवलं. मग तो ताठ अंगठ्याचा हात माझ्या हातात दिला.

"प्लास्टिकची खुर्ची हारिसला परत दे," म्हणाले. "मी विसरलो."

तिकडून ते दर आठदहा दिवसांनी फोन करायचे. भावाच्या पलंगाशेजारी बसून वाजवतो, म्हणाले. थोरला पलंगाच्या कठड्यावर अंगठ्यानं ठेका धरतो. "तुझ्यापेक्षा बरा. अर्धं अंग गेलंय तरी." मी म्हणालो, असणारच. पुढे ऑगस्टमध्ये पुतणीचा निरोप आला. बाबा झोपेतच गेले, एवढाच. चर्चमध्ये सगळं त्यांच्या पद्धतीनं झालं, गिटार वाजली नाही.

महिनाभरानं मी म्हाताऱ्याला म्हणालो, आपण लॅपटॉपवर वाजवू या, दोघं. मी इथून खालचं, तुम्ही तिथून वरचं. तयार झाले ते. पण इथून निघालेला ठेका तिथं अर्ध्या सेकंदानं पोचतो, आणि त्यांचा सूर आणखी अर्ध्या सेकंदानं माझ्याकडे येतो. मी त्यांच्यासाठी थांबायचो, ते माझ्यासाठी थांबायचे. दोघंही एकमेकांची वाट बघत हळू होत गेलो, आणखी हळू, आणि शेवटी थांबलोच. या बिघाडाला माझ्याकडे उपाय नाही. अंतर आहे, ते तेवढा वेळ घेणारच. "राहू दे," ते म्हणाले. त्यानंतर फोन कमी झाले. मी केला तर उचलतात, चांगलं बोलतात. गिटारचं विचारलं तर म्हणतात, भिंतीला आहे.

माझं कंत्राट आणखी दोन वर्षांनी वाढलंय. शुक्रवारी दुपारी मी माझ्या घरात वाजवतो. वरची बाजू मी शिकू शकलो असतो, सगळं नेटवर असतं. दोनदा बसलोही. पण मला शिकवलेली बाजू ही आहे, आणि ती आता बरी येते.

गेल्या महिन्यात मुलगी फोनवर होती, तेव्हा सहज म्हणाली, "ओके, प्ले समथिंग." मी फोन टेबलाला टेकवला आणि सुरू केलं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाबा, व्हेअर इज द ट्यून?"

"ती दुसऱ्या माणसाकडे असते," मी म्हणालो. "मी खालची बाजू वाजवतो. तू ऐक तरी."

ती गप्प झाली. मान थोडी तिरकी करून, डोळे खाली, हलेना. इतकी शांत बसलेली मी तिला कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. मला वाटलं, पोरगी ऐकतेय. मी जीव ओतून वाजवत राहिलो, अजिबात न पळता, पाच मिनिटं, सात मिनिटं. मग चित्र गेलं आणि फोन वाजला.

"बाबा, व्हिडिओ वॉज फ्रोझन," ती म्हणाली. "फॉर एजेस. सॉरी, आय कुडन्ट हिअर एनीथिंग." आणि मग जरा थांबून, मराठीत, "परत वाजव ना."

तिच्या क्लासला वीस मिनिटं होती. मी गिटार पुन्हा मांडीवर घेतली.